फजितीचा पोशाख

ब्रसेल्सच्या ग्राँ प्लास या मुख्य चौकात उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. टाऊन हॉलचा मनोरा ९६ मीटर उंच आहे, भोवतालच्या व्यापारी संघांच्या इमारतींवर सोनेरी मुलामा आहे आणि १९९८ पासून हा चौक युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पर्यटकांची गर्दी मात्र इथे फार रेंगाळत नाही. टाऊन हॉलच्या अंगाने निघणाऱ्या गल्लीत ती शिरते, चॉकलेटच्या आणि वॉफलच्या दुकानांसमोरून काही मिनिटं चालते आणि र्यू द लेत्यूव्ह व र्यू द्यु शेन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर येऊन थबकते. तिथे लोखंडी कठड्यामागे, दगडी कोनाड्यात, ब्राँझचा एक नागडा पोरगा उभा आहे. उंची साडेपंचावन्न सेंटिमीटर. महिन्याभराचं तान्हं बाळ साधारण एवढ्या लांबीचं असतं. पोट जरासं पुढे काढून, चेहऱ्यावर कमालीचं समाधान घेऊन हा पोरगा भर रस्त्यात अखंड शू करतो आहे. हाच तो ‘मानेकन पिस’. युरोपातल्या निराशा करणाऱ्या प्रेक्षणीय स्थळांच्या याद्यांमध्ये त्याचं नाव हमखास असतं आणि तरीही कठड्यापाशी उभं राहायला जागा मिळत नाही.

या विसंगतीचं उत्तर शिल्पकलेच्या पुस्तकात सापडेल असं मला वाटत नाही. ते घरात सापडेल. मुंज, बारसं, साठी, कोणत्याही निमित्ताने चार नातेवाईक जमले की कुणाच्या तरी लहानपणीची एखादी फजिती निघतेच. कुणी पाहुण्यांच्या मांडीवर कार्यभाग उरकलेला असतो, कुणी जत्रेत हरवून भलत्याच बाईचं बोट धरून घरी निघालेला असतो, कुणी श्रीखंडाच्या पातेल्यात बसलेला असतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट पाठ असते, तरी ती पुन्हा सांगितली जाते आणि पुन्हा हशा पिकतो. ब्रसेल्सने एका अख्ख्या शहराचं घर करून अशीच एक फजिती चारशे वर्षं सांगत ठेवली आहे. म्हणून घरोघरच्या या गोष्टी का टिकतात, कशामुळे गोड राहतात आणि कशामुळे नासतात, हे समजून घ्यायला हा कोपरा फार सोयीचा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: फजितीची दंतकथा मूळ घटनेवर जगत नाही. ती जगते सांगणाऱ्यांच्या गरजेवर. आणि तिच्यातल्या मुलाला फजितीखेरीज दुसरंही काही होता येतं, तोवरच ती प्रेमाची गोष्ट असते.

आधी मूळ घटनेचं पाहू. कारण ब्रसेल्समध्ये तशी घटना घडल्याचा पुरावाच नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यात शहराच्या पाणीवाटपासंबंधीच्या कागदपत्रांत या कोपऱ्यावरच्या कारंज्याचा उल्लेख येतो. म्हणजे हा पोरगा मुळात सार्वजनिक नळ. आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका-माणसं त्याच्याखाली भांडी लावून पाणी भरत. आधीची मूर्ती जाऊन आजची ब्राँझची मूर्ती घडवण्याचं काम शहराने १६१९ मध्ये थोरल्या जेरोम द्युकेन्वाकडे दिलं. या शिल्पकाराच्या घराचीही गंमत आहे. त्याचा मुलगा फ्रान्स्वा रोमला गेला, सेंट पीटर चर्चमधला सेंट अँड्र्यूचा भव्य पुतळा त्याने घडवला, पण कलेच्या इतिहासात त्याचं नाव खास घेतलं जातं ते त्याच्या गुबगुबीत बालमूर्तींसाठी. शू करणारा मुलगा हा विषय तरी बापाला नव्याने सुचला होता का? तोही नाही. रोमन काळापासून कारंज्यांवर अशी मुलं आहेत. व्हेनिसच्या तिशियनने मद्यदेवतेच्या उत्सवाचं चित्र काढलं त्यात असा एक पोर आहे, आणि लोरेन्झो लोत्तोच्या चित्रातला मदन खुद्द व्हीनसच्या दिशेने, पानांच्या कड्यातून नेम धरून धार सोडतो. सुबत्ता, सुफलता, निरोगी खट्याळपणा असे अर्थ या प्रतिमेला चिकटलेले होते. तेव्हा इतिहासकाराचा निकाल साधा आहे: कारंजं हवं होतं, प्रतिमा प्रचारात होती, शिल्पकार हाताशी होता.

पण शहराचं एवढ्यावर समाधान झालं नाही. आधी पुतळा आणि मग त्याला शोभेल अशी फजिती, असा उलटा प्रवास झाला. आणि फजिती एक नाही, चांगल्या चारपाच. पहिलीत हा मुलगा म्हणजे लूव्हेनचा दोन वर्षांचा ड्यूक गॉडफ्री तिसरा. ११४२ मध्ये रान्सबेकच्या लढाईत सैन्याला स्फूर्ती यावी म्हणून त्याला टोपलीत घालून झाडाला टांगलं होतं, आणि तिथून त्याने ग्रिमबर्गनच्या शत्रुसैन्यावर जो अभिषेक केला त्याने शत्रूच हरला. दुसरीत तो कुणा सामान्य घरातला ज्युलियन; शहराच्या तटाखाली शत्रूने लावलेली पेटती वात त्याने आपल्या साधनाने विझवली आणि शहर वाचवलं. तिसरीत तो श्रीमंत व्यापाऱ्याचा हरवलेला मुलगा. सगळं शहर शोधून झाल्यावर तो या कोपऱ्यावर निवांतपणे धार सोडताना सापडला आणि बापाने कृतज्ञतेने कारंजं बांधून दिलं. चौथीत त्याने एका चेटकिणीच्या दाराशी कार्यक्रम उरकला, तिने शापाने त्याचा दगड केला, आणि एका भल्या माणसाने त्याच्या जागी पुतळा ठेवून त्याला सोडवलं.

या चार गोष्टी एकाच मुलाच्या म्हणून शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. सरदार-दरकदारांच्या परंपरेला शोभणारी गोष्ट राजपुत्राची आहे, तटाच्या आत राहणाऱ्या साध्या नागरिकांना शोभणारी ज्युलियनची, पेठेतल्या सावकारांना शोभणारी हरवलेल्या वारसाची, आणि मुलांना दटावणाऱ्या आज्यांच्या उपयोगाची चेटकिणीची. प्रत्येक थराने पोरगा आपल्या घरात ओढून घेतला आहे. घरातल्या गोष्टींचंही असंच होतं. तोच प्रसंग आई सांगते तेव्हा त्यात तिचा उडालेला थरकाप मुख्य असतो, काका सांगतो तेव्हा काकाचं प्रसंगावधान, आणि आजी सांगते तेव्हा ‘मी आधीच सांगत होते’ हे तात्पर्य. या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून कुणी पंचनामा करायला बसत नाही. आवृत्त्या जेवढ्या जास्त, तेवढे त्या गोष्टीचे भागीदार जास्त. ब्रसेल्सच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. हे शहर अधिकृतपणे दोन भाषांचं आहे, रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि डच अशा जोडीने असतात, आणि कोणता नायक कोणाचा यावर बेल्जियममध्ये मनं दुखावू शकतात. हा पोरगा बोलण्याआधीच्या वयाचा दिसतो. त्याच्या तोंडी कोणतीच भाषा नसल्यामुळे तो दोघांनाही आपला वाटू शकतो.

कुणी म्हणेल की लोकांना शौर्यकथा आवडतात आणि या चारपैकी दोन तर शौर्यकथाच आहेत; मग श्रेय फजितीला कशाला? याचं उत्तर त्याच गल्लीच्या तोंडाशी पडलेलं आहे, अक्षरशः आडवं. चौकातून बाहेर पडताना कमानीखालच्या भिंतीवर एव्हरार्ड त्सेर्क्लासचं पितळी रंगाचं स्मारक आहे. १३५६ मध्ये फ्लँडर्सच्या काउंटच्या ताब्यात गेलेल्या ब्रसेल्सच्या तटावर या माणसाने रात्री साथीदारांसह चढाई केली आणि शहर सोडवलं. पुढे १३८८ मध्ये तो शत्रूच्या हातून क्रूरपणे मारला गेला. ही गोष्ट खरी आहे, तारीखवार आहे, थरारक आहे. शहर वाचवणारा खराखुरा नायक कोण, असं विचारलं तर बोट इथेच दाखवावं लागेल. आणि लोक काय करतात? त्याच्या हातावरून हात फिरवला की नशीब उघडतं म्हणून येणारे-जाणारे दंडावरून हात फिरवतात, धातू तेवढ्या भागात लख्ख चकाकतो, आणि मंडळी पोराकडे चालू लागतात. त्सेर्क्लासची गोष्ट कुणी घरगुती करून सांगत नाही, कारण तीत भर घालायला जागा नाही. हुतात्म्यापुढे आपण मान झुकवतो, त्याचा गालगुच्चा घेऊ शकत नाही. फजितीच्या नायकाशी मात्र ऐकणारा लगेच बरोबरीला येतो, किंबहुना थोडा वरच्या पायरीवर उभा राहतो. तटावर चढून जाणारे शतकातून एखाद-दोन. नको त्या जागी, नको त्या वेळी लागलेली मात्र प्रत्येकाला ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: हे सगळं पर्यटनखात्याचं आणि दुकानदारांचं कौतुक. आक्षेपात तथ्य आहे, हे त्या गल्लीत डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या कुणालाही मान्य करावं लागेल. चॉकलेटचा पोरगा, बाटली उघडायच्या चावीतला पोरगा, चुंबकावरचा पोरगा, दुकानाच्या दाराशी हातात वॉफल घेतलेला माणसाएवढा प्लॅस्टिकचा पोरगा, असा बाजार तिथे मांडलेला आहे. पण बाजार गोष्टीवर उभा राहिला. गोष्ट बाजारावर उभी राहिली नाही. ऑगस्ट १६९५ मध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याने मार्शल व्हिलरोआच्या हुकमाने ब्रसेल्सवर तोफा डागल्या. तीन दिवसांत शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, ग्राँ प्लासच्या बहुतेक इमारती पडल्या. पोराची मूर्ती मात्र त्याआधीच सुरक्षित जागी हलवलेली होती आणि संकट टळल्यावर ती वाजतगाजत परत बसवली गेली. घर जळताना माणूस काय उचलून बाहेर पळतो यावरून त्याची माया कळते. तीन वर्षांनी, १६९८ मध्ये, बव्हेरियाचा इलेक्टर आणि त्या प्रदेशाचा गव्हर्नर मॅक्सिमिलियन इमॅन्युएल याने पोराला पहिला नोंदवलेला पोशाख भेट दिला. तेव्हा तिथे विमानतळ नव्हता, टूर कंपन्या नव्हत्या, चुंबक विकणारा कुणी नव्हता.

पुढच्या इतिहासातही हेच दिसतं. १७४७ मध्ये पंधराव्या लुईच्या सैनिकांनी मूर्ती पळवण्याचा उपद्व्याप केला, शहर खवळलं, आणि लोकांचा राग शांत करण्यासाठी राजाने पोराला जरीचा दरबारी पोशाख आणि सेंट लुईचं मानचिन्ह दिलं. त्यामुळे तो सरदारांच्या पंक्तीत जाऊन बसला आणि सैनिकांनी त्याच्यासमोरून जाताना सलाम करणं ओघाने आलं. १८१७ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाने मूर्ती चोरली. तुकडे सापडले, ते जोडले गेले आणि चोराला भर चौकात डाग देऊन सक्तमजुरीला पाठवण्यात आलं. १९६५ मध्ये पुन्हा चोरी झाली, आणि मूर्तीचा भाग पुढच्या वर्षी कालव्याच्या पाण्यातून निघाला. तेव्हापासून द्युकेन्वाची मूळ मूर्ती ग्राँ प्लासवरच्या नगरसंग्रहालयात आहे आणि कोपऱ्यावर उभी आहे ती प्रतिकृती. संग्रहालयातल्या मूळ मूर्तीभोवती कोपऱ्यावर असते तशी झुंबड कधी नसते. अस्सल वस्तू कोरड्या खोलीत आहे, नक्कल रस्त्यावर पाण्यात उभी आहे, आणि लोकांची निष्ठा नकलेपाशी आहे. नक्कल काम करते म्हणून. वारंवार सांगून मूळ प्रसंगापासून दूर गेलेली, पण अजून हसवणारी गोष्टही याच अर्थाने अस्सल असते.

जिवंत दंतकथेचं आणखी एक लक्षण म्हणजे तिला नातेवाईक फुटतात. १९८७ मध्ये ब्रसेल्सच्या एका बोळात या पोराला बहीण मिळाली. जानेके पिस या नावाची ही मुलगी दोन पायांवर बसून तेच काम करते. ती मुलगी म्हणून मागे का राहावी, हा तिच्यामागचा विचार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एका रस्त्याच्या वळणावर खांबाशी पाय वर केलेला ब्राँझचा गावठी कुत्रा आला. असं तिघांचं कुटुंब पूर्ण झालं. शिवाय भाऊबंदकी आहेच. फ्लँडर्समधल्या गेरार्ड्सबर्गन गावातही असाच पोरगा आहे, आणि पंधराव्या शतकातले दाखले पुढे करून ते गाव आपलाच पोरगा थोरला असल्याचा दावा करतं. दोन गावं हौसेने भांडतात ती कुणाचा मुलगा आधी भर रस्त्यात उभा राहिला यावरून! लाजेची गोष्ट एकदा मायेची झाली की तिचा वारसाहक्क सांगायला माणसं पुढे येतात, याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

मराठी वाचकाला यात परकं काही वाटायचं कारण नाही. आपल्या देवघरात पितळेचा रांगता बाळकृष्ण असतो. लग्नात मुलीला माहेरून अन्नपूर्णेबरोबर तोच दिला जातो. एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर: चोरी करताना पकडला गेलेल्या मुलाचा तो क्षण आहे, आणि तोच आपण पूजेला ठेवला आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात यशोदा त्याला उखळाला बांधू जाते तेव्हा दोरी दर वेळी दोन बोटं कमी पडते. गवळणी गाऱ्हाणी घेऊन येतात आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांतूनही कौतुक सांडत असतं. कंसाला मारणारा कृष्ण, गीता सांगणारा कृष्ण मोठा खरा, पण रोज आंघोळ घालून, थंडीत टोपडं चढवून ज्याचे लाड होतात तो लोणीचोर. ब्रसेल्सचा पोरगा देव नाही, त्याला नैवेद्य नाही. पण मोठेपणाच्या कथा बाहेर आणि फजितीच्या कथा घरात, ही वाटणी दोन्हीकडे सारखी आहे. ती वाटणी सार्वत्रिक असावी असा तर्क त्यावरून करायला हरकत नाही.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. मुलाच्या फजितीवर वर्षानुवर्षं हसणं हा क्रूरपणा नाही का? पुतळ्याला लाज नसते. हाडामांसाच्या मुलाला असते. हा आक्षेप नुसत्या हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्याच्या बाजूचे पुरावे भक्कम आहेत. इंग्लंडमधल्या ए. ए. मिल्न या लेखकाने आपल्या मुलाला, ख्रिस्तोफर रॉबिनला, त्याच्याच नावानिशी कवितांत आणि १९२६ च्या ‘विनी-द-पू’ या पुस्तकात आणलं. लहानपणी मुलाला ते आवडलं. पण शाळेत त्याच्या प्रार्थनेवरच्या कवितेची तबकडी लावून मुलांनी त्याला छळलं, आणि मोठेपणी, १९७४ मध्ये लिहिलेल्या आठवणींत त्याने आपल्या नावाच्या त्या दुसऱ्या मुलाविषयीची कटुता मोकळेपणाने मांडली. आपल्या काळात तर प्रत्येक बापाच्या खिशात कॅमेरा आहे. २००७ मध्ये यूट्यूबवर आलेली एक घरगुती चित्रफीत, ज्यात तान्हा भाऊ थोरल्याचं बोट चावतो, कोट्यवधी लोकांनी पाहिली आणि २०२१ मध्ये ती डिजिटल वस्तू म्हणून साडेसात लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेली. सगळ्याच चित्रफितींतल्या मुलांना असा मोबदला मिळत नाही. बहुतेकांना फक्त टोमणे मिळतात. शेजारच्या फ्रान्सने २०२४ मध्ये कायदा करून मुलांच्या खासगी आयुष्याचा आणि त्यांच्या प्रतिमेवरच्या हक्काचा मान राखणं ही आई-वडिलांची जबाबदारी ठरवली, ती उगाच नाही.

मला हा आक्षेप मान्य आहे आणि तरी त्याने माझं म्हणणं पडत नाही, उलट नेमकं होतं. तबकडी आणि चित्रफीत यांत काय कमी असतं ते पाहावं. त्यांत आवृत्ती एकच असते. दर वेळी तोच आवाज, तोच सेकंद, तीच रड. तोंडी सांगितलेल्या गोष्टीत मुलाला तोंड घालायची मुभा असते: ‘मी पडलो नव्हतो, दादाने ढकललं’ असं तो दहाव्या वर्षी म्हणू शकतो, विसाव्या वर्षी तीच गोष्ट स्वतः मीठमसाला लावून सांगू शकतो, चाळिसाव्या वर्षी आपल्या मुलीपुढे तिचा वेगळा शेवट करू शकतो. गोष्ट त्याच्याबरोबर वाढते. शिवाय ऐकणारेही तेच असतात ज्यांनी त्याला पुढे पास होताना, नोकरीला लागताना, आजारी आई-बापांचं करताना पाहिलं आहे. त्यांच्या हशात ते सगळं धरलेलं असतं. अनोळखी प्रेक्षकाला मात्र त्या मुलाविषयी तेवढी एकच बाब ठाऊक असते. फजिती वाईट नसते. ती एकटी पडली की वाईट.

ब्रसेल्सने पोराला एकटं पडू दिलं नाही, आणि त्याचा पुरावा कोपऱ्यापासून काही पावलांवर, र्यू द्यु शेनवर आहे. २०१७ मध्ये तिथे त्याच्या कपड्यांचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. पोशाखांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. सामुराई, मोझार्ट, ड्रॅक्युला, एल्व्हिस प्रेसली असे सगळे अवतार त्याने घेतले आहेत. ३ सप्टेंबर १९४४ रोजी शहर नाझींच्या ताब्यातून सोडवणाऱ्या वेल्श गार्ड्सनी दिलेला गणवेशही त्यात आहे आणि त्या मुक्तिदिनाची आठवण म्हणून तो त्याला चढवला जातो. १९५४ पासून त्याच्या चाहत्यांचं एक मंडळ या सोहळ्यांत पुढे असतं, वर्षातले शंभराहून जास्त दिवस तो कपड्यांत असतो, आणि कपडे बदलण्याचं काम शहराने नेमलेला माणूस शिडी लावून करतो. कुणाचा पोशाख स्वीकारायचा हे एक समिती ठरवते. जाहिरातबाजीला तिथे थारा नाही. म्हणजे ज्या मुलाची ओळखच नागडेपणाची, त्याच्यासाठी शहराने जगातल्या कोणत्याही राजपुत्राकडे नसेल एवढं कपाट भरलं आहे.

यावर शेवटचा आक्षेप असा येऊ शकतो की इतके गणवेश, मानचिन्हं, समित्या आल्यावर फजिती उरते कुठे? गोष्टीचं सरकारीकरण झालं की ती मरते, हे आपण आपल्याकडच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांत पाहिलेलं आहे. पण इथे शिंप्यांनी एक पथ्य पाळलेलं आहे. पोशाख कोणताही असो, तो मूळ कार्यात अडथळा येणार नाही असाच बेतला जातो. पंधराव्या लुईच्या जरीच्या कोटातही पोरगा शू करतो, लष्करी गणवेशातही करतो, आणि काही उत्सवांच्या दिवशी तर नळीला पिंप जोडून पाण्याऐवजी बिअर सोडली जाते, जमलेले लोक पेले भरून घेतात. सन्मानाने फजिती झाकली नाही आणि फजितीने सन्मानाला बाध आला नाही. ब्रसेल्सच्या लोकांना मोठेपणाची टर उडवण्याची जुनी खोड आहे, तिचाही हा परिणाम असेल. गणवेश घालून शू करणाऱ्या पोरासमोर सलाम ठोकणाऱ्या सैनिकाला स्वतःकडेही थोडं हसावंच लागतं. काही वर्षांपूर्वी, कारंज्याचं पाणी पुन्हा न वापरता रोज हजार लिटरहून जास्त चांगलं पाणी गटारात जातं आहे असं लक्षात आलं, तेव्हा शहराने २०१९ पर्यंत आतली नळयोजना बदलून तेच पाणी फिरतं केलं. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. चूक दुरुस्त झाली, गोष्ट तशीच वाहती राहिली.

घरच्या दंतकथांना यातून एक कसोटी मिळते. साठीच्या समारंभात न्यायाधीश झालेल्या माणसाची पाहुण्यांच्या मांडीवरची ती जुनी हकीगत निघाली तर त्यात काही वावगं नाही, पण त्याच्या न्यायाधीशपणाचा कोट त्याच्या अंगावर असू द्यावा, आणि हकीगत त्यानेच सांगायला घेतली तर इतरांनी गप्प बसून ऐकावं. ज्या घरात एखाद्याची फक्त फजितीच सांगितली जाते, त्या घराने त्याचं मोठं होणं मान्य केलेलं नसतं. ज्या घरात ती कधीच सांगितली जात नाही, तिथे तो कधी लहान होता याची नोंदच कुणी ठेवलेली नसते. दोन्हींतलं दुसरं नुकसान मला अधिक वाटतं, कारण पहिल्याला उपाय आहे: मुलाला दुसरे कपडे शिवून द्यावेत, आणि पुतळ्याला जे करता येत नाही ते त्याला करू द्यावं, म्हणजे आपली गोष्ट आपल्या तोंडाने, वाटेल तशी बदलून सांगू द्यावी.